हार्वेस्टर आधी कुणाच्या खाचरात

मी पोटापाण्यासाठी काय करते, हे आमच्या नात्यागोत्यात आजवर कुणालाच नीट कळलेलं नाही. वडील रेल्वेतून निवृत्त झालेत. लोणावळ्यात भेटेल त्याला ते सांगतात, "मुलगी टाइमटेबल बनवते." त्यामुळे पुण्याची लोकल रखडली की शेजारचे काका माझ्याकडे जरा रागानंच बघतात. मी समजावून सांगायचा प्रयत्न केव्हाच सोडून दिला आहे.

खरं तर काम सोपं आहे. एका कारखान्यात खूप यंत्रं असतात आणि त्याहून खूप कामं. कुठलं काम कुठल्या यंत्रावर आधी लावायचं, याचे पर्याय इतके असतात की एकेक तपासत बसलं तर मालकाची नातवंडंही म्हातारी होतील. म्हणून आम्ही निसर्गाची नक्कल करतो. आधी वाटेल तसे ढीगभर क्रम तयार करायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे, नापास झालेले फेकून द्यायचे. पास झालेल्यांच्या जोड्या लावायच्या आणि अर्धं आईचं, अर्धं बापाचं घेऊन नवे क्रम जन्माला घालायचे. मधूनच एखाद्यात उगाच दोन कामांची अदलाबदल करायची, कारण निसर्गालाही अशी खोड असते. मग पुन्हा गुण, पुन्हा जोड्या. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की असा एखादा क्रम निघतो, जो कुठल्याही शहाण्या माणसाला सुचला नसता. ही उत्क्रांती संगणकावर चहा होईपर्यंत उरकते. गुण कशाला द्यायचे, हे मात्र माणूस ठरवतो. एवढी एक गोष्ट आम्ही ग्राहकाला जरा हळू आवाजात सांगतो.

हे सगळं हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीत चालतं. ते पवनेच्या काठावर, भाताच्या खाचरात नेऊन ठेवण्याची कल्पना माझी नव्हे. ती आत्याची.

आमचं गाव कामशेतवरून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आहे. वडील नोकरीपायी लोणावळ्याला आले आणि तिथलेच झाले. जमीन आत्या कसते. नवरा गेल्यावर ती माहेरी, वस्तीवर येऊन राहिली आणि वडिलांच्या वाट्याचं आणि स्वतःचं मिळून जे काही आहे ते तिनं कधी पडीक ठेवलं नाही. वस्ती म्हणजे आमची बौद्ध घरं. ती गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या कडेनं आहेत आणि खाचरंही तिथंच. पातळ माती, खाली दगड. नदीकाठची काळी, खोल जमीन गावातल्या बाकीच्यांकडे आहे. ती तशी का वाटली गेली, हे गावात कुणी विचारत नाही. ती तशीच उगवली असावी.

काही वर्षांपूर्वी गावच्या शेतकरी गटानं सरकारी योजनेतून भात कापायचा छोटा हार्वेस्टर घेतला. रबरी पट्ट्यांवर चालणारं, एका बाजूनं उभं भात गिळून दुसऱ्या बाजूनं दाणे पोत्यात टाकणारं हे यंत्र पाहून गाव हरखलं. गटाचे अध्यक्ष म्हणजे आबा. गावातलं सगळ्यात मोठं खटलं त्यांचं. हार्वेस्टर सगळ्यांचा होता, म्हणून तो आबांच्या शेडमध्ये ठेवला गेला. शेडमध्ये असल्यानं तो साहजिकच आधी आबांच्या खाचरात जाई, मग भावकीच्या, मग गटाचे सचिव असलेल्या निवृत्त गुरुजींच्या, मग उरलेल्या गावाच्या. वस्तीचा नंबर शेवटी. यात भेदभाव अजिबात नव्हता. आमच्या गावात भेदभाव नाहीच. आमच्या गावात असते ती सोय.

अडचण एवढीच, की भाताला ही सोय समजत नसे. माळावरच्या पातळ जमिनीत आमच्याकडे हळवं भात घेतात. ते लवकर पिकतं, कारण ओल टिकत नाही. नदीकाठी गरवं भात, उशिरा तयार होणारं. म्हणजे हार्वेस्टर आबांच्या हिरवट, ओल्या खाचरात दर वर्षी मनोभावे रुतत असे, आणि तो निघेपर्यंत वस्तीवरचं पिकून पिवळं झालेलं भात उभ्या उभ्या दाणे गाळत असे. पाखरं खूश होती.

"अगं, मातीतनं दाणा दाणा येचला मी औंदा," आत्या मला फोनवर म्हणाली. "मशीन आली तवा कापायला निस्ता पेंढाच ऱ्हायलावता. तू तिकडं कारखान्यात नंबर लावती न्हवं? मग हितं लाव की."

मी म्हटलं, "आत्या, तिथं मला बोलावतात. इथं कोण बोलावणार?"

"मी बोलावती," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या हंगामाआधी, भादव्यातल्या एका रविवारी, ग्रामपंचायतीच्या हॉलमधल्या गटाच्या बैठकीला आत्या मला घेऊन गेली. आत्यानं तिथं उभं राहून जाहीर केलं, की हार्वेस्टरचा नंबर या वेळी तिची भाची कॉम्प्युटरवर काढून देईल, फुकट. मला वाटलं होतं आबा नको म्हणतील. पण आबांना आधुनिक गोष्टींचं भयंकर वेड. त्यांच्या फोनमध्ये हार्वेस्टरबरोबर काढलेले त्यांचे फोटो त्यांच्या नातवंडांच्या फोटोंपेक्षा जास्त आहेत.

"वा वा, मॅडम!" ते म्हणाले. "आपल्याच गावची लेक. आता भांडणंच न्हाईत. कॉम्प्युटर म्हनंल ते फायनल."

आबा मला 'मॅडम' आणि 'तुमी' म्हणत होते. आत्या त्यांच्याहून मोठी, तरी तिला आजवर 'तू'च म्हणत आले होते. त्या दिवशी माझ्याकडे लॅपटॉप असल्यानं तिलाही चुकून एकदा 'तुमी' म्हणाले, आणि मग स्वतःच दचकले.

मी माझी पद्धत समजावून सांगितली. चांगल्या क्रमांच्या जोड्या लावायच्या, त्यांना पोरं होऊ द्यायची, पोरांतली गुणी निवडायची. हॉलमध्ये बायका हसायला लागल्या.

गुरुजींनी चष्मा वर केला. "म्हणजे तुम्ही क्रमांची लग्नं लावता?"

"तसंच म्हणा."

"मग जात-पोटजात बघता का नाही?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा हॉल खदखदून हसला.

"नाही बघत," मी म्हटलं. "म्हणून तर संतती बरी निघते."

अर्थ लक्षात आल्यावर, जरा उशिरा, हसू थांबलं. बैठक संपली. आबांनी मला नारळपाणी पाजलं.

पुढचे काही रविवार मी लोणावळ्याहून लोकलनं कामशेतला आणि तिथून जीपनं गावात येत राहिले. आत्याबरोबर बांधाबांधानं फिरले. कुणाचं हळवं, कुणाचं गरवं, कुठल्या खाचरात ओल किती टिकते, कुठल्या बांधावरून यंत्र चढतं, कुठून नाही. लोक उत्साहानं सांगत. एका आजोबांनी मला त्यांच्या खाचराची माहिती सोडून सुनेचीच सगळी माहिती दिली. ती मी प्रोग्रॅममध्ये घेतली नाही.

गुण देण्याचे नियम साधे ठेवले. पिकलेलं भात जितकं जास्त उभं राहील तितके गुण कमी. यंत्र जितकं रुतेल तितके गुण कमी. रिकाम्या फेऱ्या जितक्या जास्त तितके गुण कमी. कुणाचं आडनाव काय, हे प्रोग्रॅमला सांगितलं नाही. लोणावळ्याच्या घरी बसून मी उत्क्रांती सुरू केली. वडील शेजारी खुर्ची टाकून बसले होते, जणू क्रिकेटची मॅच आहे. पिढ्या जात गेल्या आणि आकडा चढत चढत एका जागी थांबला.

क्रम बघायला वडील पुढं वाकले. सुरुवात वस्तीपासून होती. हळवं, वाळलेलं, आधी कापायचं. मग मधली खाचरं. गुरुजी जवळजवळ शेवटी. आणि अगदी तळाला, नदीकाठी, सगळ्या गावाची कापणी होऊन जमीन घट्ट झाल्यावर, आबा.

"हे वाचून दाखवणार तू?" वडिलांनी विचारलं.

"कॉम्प्युटर म्हणेल ते फायनल, असं आबाच म्हणालेत."

वडील उठून चपला शोधायला लागले. त्यांना एकाएकी भाजी आणायची आठवण झाली होती.

बैठकीत मी क्रम वाचला. आत्या पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. तिनं मान वळवून कुणाकडे पाहिलंही नाही, पण तिची पाठ हसत होती, हे मला समोर उभं राहूनही कळलं.

आधी आबाच बोलले. "झकास. लय भारी काम केलंय मॅडमनी. टाळ्या वाजवा." टाळ्या वाजल्या. "फकस्त एक बारीकशी दुरुस्ती. मशीन शेडातनं निघती, तिची पूजा व्हती, नारळ फुटतो. तर पयलं खाचर शेडाजवळचं पायजे. येवढंच. बाकी कॉम्प्युटर म्हनंल तसं."

शेडाजवळचं खाचर अर्थातच आबांचं. एक खाचर, मी मनात म्हटलं, देऊन टाकू.

मग गुरुजी उठले. त्यांचं म्हणणं, एका भावकीची खाचरं एका पाठोपाठच कापावीत, नाहीतर माणसांची मनं दुखावतात. मग आणखी कुणी म्हणालं, की एकदा नदीकाठाला उतरलेलं यंत्र अर्धवट वर काढू नये, ते बरं दिसत नाही. हे तांत्रिक कारण मी कारखान्यातही ऐकलेलं होतं. तिथं ते इंग्रजीत सांगतात.

शेवटी वाटेचा मुद्दा निघाला. वस्तीकडे यंत्र कुठून न्यायचं? मी विहारामागच्या वाटेचं नाव घेतलं.

"ती वाट रेकॉर्डला नाही," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी आत्ता तिथूनच चालत आले."

"चालत येणं वेगळं. रेकॉर्ड वेगळं."

ज्या वाटेनं वस्तीतली पोरं शाळेत आली, बायका दळण घेऊन आल्या, वडील ट्रंक डोक्यावर घेऊन नोकरीला निघाले, ती वाट नव्हतीच म्हणे. आम्ही आजवर कशावरून चालत होतो कोण जाणे.

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आबा अगदी मायेनं म्हणाले, "मॅडम, तुमी हुशार हायसा. पर तुमी वस्तीच्या. तुमाला नावं ठिवायला नको कुनी, का वस्तीच्या पोरीनं वस्तीचाच नंबर पयला लावला. माझ्या मनात तसं काय न्हाई बरं का. लोकांसाठी सांगतो."

आता या वाक्याला उत्तर देऊन बघा. आबांची भावकी गेली काही वर्षं स्वतःचा नंबर स्वतःच पहिला लावत होती, तेव्हा त्यांना नावं ठेवली जातील अशी काळजी कुणी केली नव्हती. निःपक्षपाती असल्याचा पुरावा मागायचा तो माझ्याकडे. आणि मी तो द्यायला निघाले. सगळ्या सूचना उतरवून घेतल्या.

प्रोग्रॅमला स्वाभिमान नसतो, हा त्याचा मोठा गुण. तुम्ही अट घाला, तो निमूटपणे त्या अटीत बसणारी नवी पिढी जन्माला घालतो. पूजेची अट घातली. भावकीची घातली. यंत्र अर्धवट वर न काढण्याची घातली. रेकॉर्डवर नसलेली वाट पुसली, म्हणजे वस्तीकडे यंत्र न्यायला गावाची कापून झालेली खाचरं तेवढी उरली. प्रत्येक अटीबरोबर वस्ती जरा जरा खाली सरकत गेली, कुणी धक्का न देता. शेवटची अट घालून मी उत्क्रांती सुरू केली. संगणकाचा पंखा घरघरला, हजारो क्रम जन्मले, लढले, मेले. अखेर सर्वोत्तम म्हणून जो क्रम पडद्यावर आला, तो मागच्या वर्षीचाच होता. अगदी तोच. माकडापासून सुरुवात करून एवढा प्रवास करावा आणि शेवटी माकडच निघावं, असं डार्विनच्या वाट्याला आलं नाही म्हणून तो प्रसिद्ध झाला.

पुढच्या बैठकीत गुरुजींनी तो क्रम वाचला आणि त्यांचा आवाज भरून आला. "बघा. आपण अंदाजानं करत होतो, तेच संगणकानं सिद्ध केलं."

पुन्हा टाळ्या. आबांनी या वेळी शाल आणली होती. ती माझ्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला आणि फोटो काढला.

बाहेर आल्यावर आत्या माझ्या पुढं पुढं चालत राहिली. जीपच्या थांब्याशी येऊन थांबली. मग वळली.

"शाल लय छान हाय," ती म्हणाली.

"आत्या, त्यांनी अटी घातल्या. मी काय करणार?"

"न्हाई म्हनायचंस."

"मग म्हणाले असते, वस्तीची म्हणून..."

"त्ये म्हनत्यातच! तू घरात बसलीस तरी म्हनत्यात. तुला मॅडम म्हनलं की तू इरघाळतीस." ती थांबली. तिचा आवाज खाली आला. "आदी निदान मला वाटायचं, ही लोकं करत्यात. आता मशीननं सांगितलं म्हंत्यात. आता मी कुनाशी भांडू?"

जीप आली. मी शाल पिशवीत कोंबली आणि कामशेतपर्यंत बाहेर बघत राहिले. ती चुकीचं बोलली असती तर बरं झालं असतं. ऑफिसात मी ग्राहकांच्या असल्या अटींवर विनोद करते. तिथं फार तर एखाद्या कारखान्याचे दोन तास वाया जातात. इथं आत्याचं भात होतं.

कापणीच्या दिवशी मी रजा टाकून गावात गेले. का गेले, सांगता येत नाही. बहुधा स्वतःची फजिती जवळून बघायला. आबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. यंत्राला हार, कुंकू, नारळ, फोटो. चालवणारा बाहेरगावचा माणूस. त्यानं खाचरात उतरून पायानं माती दाबून पाहिली आणि म्हणाला, "ओल हाय अजून."

"कॉम्प्युटरनं काढलाय नंबर," आबा म्हणाले. "घाल बिनधास्त."

त्यानं घातलं. यंत्र गुरगुरत आत गेलं, थोडं भात गिळलं, आणि खाचराच्या मध्यावर शांतपणे बसलं. बसलं म्हणजे म्हैस डबक्यात बसते तसं. पट्टे फिरत होते, यंत्र मात्र खालीच चाललं होतं. ट्रॅक्टर आणला. तोही आत जाऊन त्याच्या सोबतीला थांबला. शेवटी वरच्या अंगाला पुण्याच्या कुणाच्या तरी बंगल्यासाठी डोंगर कोरणारा जेसीबी बोलावला. त्यानं आधी ट्रॅक्टर काढला, मग हार्वेस्टर, आणि त्या खटाटोपात आबांचं निम्मं भात आणि निम्मा बांध जमीनदोस्त केला.

यंत्र चिखलानं इतकं माखलं होतं की हार कुठं आहे ते कळेना. चालवणारा खाली उतरला. "मी न्हाई परत घालत हितं. रान वाळू द्या."

आबा बांधावर बसले. पांढऱ्या कपड्यांवर चिखल, हातात फोन, पण फोटो काढायची इच्छा मेलेली. गुरुजी आकाशाकडे बघत होते, जणू काही आक्षेप तिकडे नोंदवायचा आहे. सगळं गाव जमलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला बोलू. पण आबांकडे बघून तो फार टिकला नाही. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पिकाचं नुकसान त्यांनी सोसलं असतं. गावासमोर 'चुकलं' म्हणणं त्यांच्या घराण्यात कुणाला जमलेलं नव्हतं.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. ग्राहकाचं चुकलं, हे आम्ही ग्राहकाला कधीही सांगत नाही. त्यासाठी आमच्याकडे एक शब्द आहे.

मी पुढं झाले. "आबा, आपली ट्रायल घ्यायची राहिली."

त्यांनी मान वर केली. "काय?"

"कारखान्यात मोठं काम सुरू करायच्या आधी ट्रायल घेतात. वाळलेल्या रानात, हलक्या मातीत. यंत्र नीट चालतंय का बघायचं. मग मुख्य काम."

आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. ते उठले, कपडे झटकले, त्यानं चिखल फक्त पसरला. मग घसा खाकरून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सकाळपासनं मी हेच म्हनतोय का न्हाई? आदी ट्रायल! चला, घ्या मशीन वरती, वस्तीवर."

"वाट?" गुरुजींनी क्षीणपणे विचारलं.

"हाय की विहाराच्या मागनं. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" आबा म्हणाले.

रेकॉर्डवर नसलेल्या वाटेनं यंत्र वर चढलं. आत्याच्या खाचरात ते सुरसुर चाललं. पिवळंधमक भात आडवं होत गेलं आणि पोतं भरायला लागलं. आत्यानं दाण्यांत हात घातला, मूठभर वर काढले, पुन्हा सोडले. मग वस्तीतली बाकीची खाचरं झाली. मग मधली. पुढच्या आठवड्यात ट्रायल घेता घेता यंत्र नदीकाठी पोचलं, तेव्हा माती घट्ट होती आणि आबांचं गरवं भात खरोखरच पिकलेलं होतं. माझा सगळ्यात पहिला क्रम जसाच्या तसा पार पडला होता. फरक इतकाच, की तो आता आबांचा होता.

मी फुशारून आत्याकडे गेले. ती अंगणात भात वाळत घालत होती.

"बघितलंस? एका शब्दात काम झालं."

"बगितलं," ती म्हणाली. "ट्रायल म्हंजी काय गं?"

मी सांगितलं.

"म्हंजी आदी आमच्यात घालून बगायची, मोडली तर आमच्यात मोडंल. नीट चालली तर मग त्यांच्यात. आसंच न्हवं?"

"आत्या, शब्दाला काय करायचंय? भात घरात आलं ना?"

"आलं. ग्वाड बी हाय." तिनं पायानं भात पसरलं. "पर शबुद खोटा हाय. माझं रान काय सुई टोचून बगायला हाय व्हय?"

मला राग आला. एवढी युक्ती केली, तिचं भात पहिल्यांदा वेळेवर घरात आलं, आणि हिला शब्दाचं पडलंय. त्या दिवशी मी न जेवताच परत आले. वडील म्हणाले, "ती लहानपणापासून अशीच आहे." ते तिला घाबरून लोणावळ्यात स्थायिक झाले असावेत, अशी मला कधी कधी शंका येते.

वर्ष गेलं. पुन्हा बैठक. आबांनी प्रस्तावना केली, "मागल्या साली मी ट्रायलची जी पद्धत काढली, ती लय यशस्वी झाली. आवंदा बी तसंच. वस्तीवर ट्रायल, मंग मेन."

आत्या उभी राहिली. "आबा, ट्रायल न्हाई. कापनी. कापनी वस्तीपासनं सुरू व्हती, आसं लिवा."

"अगं, तेच की. शब्दावर काय अडलंय?"

"तुमचं न्हाई ना अडलं? मग लिवा की."

गुरुजींनी आबांकडे पाहिलं. आबांनी छताकडे पाहिलं. छतानं मदत केली नाही. मी मागच्या रांगेत बसले होते. लॅपटॉप पिशवीतच होता. मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. वस्तीतल्या आणखी दोघी बायका उठून आत्याशेजारी उभ्या राहिल्या.

"लिहा गुरुजी," आबा शेवटी म्हणाले. "प्रारंभ, वस्तीपासून."

गुरुजींनी लिहिलं. त्यांचं अक्षर सुंदर आहे. त्या ओळीत ते जरा बारीक आलं, एवढंच.

कापणीच्या दिवशी यंत्र सजवून वस्तीवर आलं. आबा पूजेचं ताट घेऊन आत्याच्या बांधावर चढले आणि अडखळले. "नारळ कोन फोडनार?"

"आमच्यात फोडत न्हाईत," आत्या म्हणाली. "मशीन चालू करा."

चालवणाऱ्यानं यंत्र चालू केलं. आबा ताट घेऊन तसेच थोडा वेळ उभे राहिले, मग ते त्यांनी बांधावर ठेवलं आणि फोन काढला. आत्याला म्हणाले, "मावशी, जरा मशीनपाशी उभ्या ऱ्हावा. फोटो घेतो." आत्या उभी राहिली. फोटोत ती मुळीच हसत नाहीये, आणि आबांचं अर्धं बोट भिंगावर आलंय.

त्या संध्याकाळी मी आत्याकडे जेवले. नव्या तांदळाचा भात, सुकटाची चटणी. युक्तीचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही. तिनं दोनदा वाढलं, आणि आमच्याकडे माफीचं साधारण एवढंच चालतं. कुणी कुणाची मागितली, ते मी विचारत बसले नाही.

या हंगामात पवनानगरकडच्या एका गावातून गटाचे लोक लोणावळ्याला माझ्या घरी आले होते. त्यांनीही हार्वेस्टर घेतलाय, आमच्या गावाची कीर्ती त्यांच्या कानावर गेलीय. वडिलांनी त्यांना चहा दिला, मी उत्क्रांती समजावून सांगितली. ते फार लक्ष देऊन ऐकत होते.

"लय भारी हाय मॅडम," त्यांचे अध्यक्ष म्हणाले. "आमाला हेच पायजे. आमच्याकडं नंबर तसा ठरल्याला हाय. तेवढा कॉम्प्युटरमधनं काढून द्या."

मी त्यांना विचारलं, गावात तुमच्याशी भांडणारी एखादी बाई आहे का. ते एकमेकांकडे बघू लागले. मग एक जण म्हणाला, "हाय एक." मी म्हटलं, पुढच्या वेळी येताना त्यांना घेऊन या, मग लॅपटॉप उघडू.